नोंदवहीत पावशाचा आवाजही असू द्या: पाटण तालुक्यातील जैवविविधता समित्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व सदस्य,
ग्रामपंचायत जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
तालुका पाटण, जिल्हा सातारा

सस्नेह नमस्कार.

मी मोरणा खोऱ्यातली एक निवृत्त शिक्षिका. तालुक्यातल्या तीन शाळांत मिळून 31 वर्षं विज्ञान शिकवलं. तुमच्यातले काही जण माझ्या वर्गात बसलेले आहेत, म्हणून हे पत्र जरा हक्काने लिहिते आहे. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत एक विषय घ्यावा, अशी माझी मागणी आहे. आपल्या रानातले आणि शिवारातले आवाज दरवर्षी ठरलेल्या दिवसांत ध्वनिमुद्रित करायचे आणि गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीला, म्हणजे गावात कोणकोणते जीव आहेत याच्या वहीला, जोडायचे.

गेल्या वर्षी मी आमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही वाचायला मागितली. ग्रामसेवकांनी कपाट उघडून दिली. बांधणी सुरेख, मुखपृष्ठ रंगीत. आत पक्ष्यांची यादी होती आणि त्या यादीत रोहित (फ्लेमिंगो) होता. आमच्या खोऱ्यात मी उभ्या जन्मात रोहित पाहिलेला नाही. तो येतो मायणीच्या तलावावर, तिकडे खटाव तालुक्यात. यादी दुसऱ्या कुठल्यातरी गावाची उचललेली होती, हे उघड होतं. मग मी पावशा शोधला. तो नव्हता. ज्या पाखराचं ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकून आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर बियाणं बाहेर काढलं, ते पाखरू गावाच्या नोंदवहीत नाही. त्या दिवशी घरी आले आणि संध्याकाळभर कशात मन लागेना.

हे कसं झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जैवविविधता कायदा 2002 चा. त्या कायद्याने समित्या आल्या आणि नोंदवही हे समितीचं मुख्य काम ठरलं. पण बहुतेक गावांत हे काम रखडलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, ती चुकली तर राज्याला दंड होता, आणि सगळीकडे एकच धावपळ उडाली. आमच्याकडेही बाहेरून दोघे जण आले, एका दुपारी चार माणसांना विचारून गेले आणि पुढे छापील वही आली. त्या दोघांना मी दोष देत नाही. भर दुपारी रानात कोण बोलतं? पावशाला त्यांनी पाहिलं असतं तरी शिक्रा समजले असते, इतका तो शिक्र्यासारखा दिसतो. त्याची ओळख पटते ती आवाजानेच. रातवा, पिंगळा, हुमा घुबड, कुटुरगा, भातखाचरातले बेडूक या सगळ्यांचं असंच आहे. दाट झाडीत आणि अंधारात डोळा अधू असतो. तिथली हजेरी कानानेच घ्यावी लागते.

वन विभाग कोयनेच्या रानात कॅमेरे लावतो, आणि ते काम मोलाचं आहे. कोयना अभयारण्य 1985 चं. 2010 पासून चांदोलीसकट त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पायवाटेवरून गेलेला बिबट्या, गवा, भेकर त्या कॅमेऱ्यांत येतो. पण फांदीवरचा, डबक्यातला, पानाखालचा जीव त्यांच्यासमोरून जातच नाही. आणि अभयारण्याच्या बाहेर, आपल्या राया, ओढे, सडे (खडकाळ पठारं) आणि बांध आहेत तिथे कुणाचाच कॅमेरा नाही. ती हद्द आपली आहे, आणि तिची नोंद आपण नाही ठेवली तर कुणीच ठेवणार नाही.

आवाज जपून ठेवल्याने काय कळतं, याचं एक उदाहरण मी अनेकदा सांगते. अमेरिकेत बर्नी क्राउस नावाचे ध्वनिमुद्रक आहेत. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात लिंकन मेडो नावाचं एक कुरण आहे. तिथे एक कंपनी निवडक झाडं तोडणार होती आणि त्याने रानाला काही धक्का लागणार नाही, असं लोकांना सांगत होती. क्राउस यांनी तोडीच्या आधी, 1988 मध्ये, तिथली पहाट मुद्रित केली. तोड झाल्यावर पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी, त्याच दिवसांत पुन्हा केली. फोटोत कुरण होतं तसंच दिसत होतं. आवाजात मात्र आधीच्या गजबजाटातलं फारसं काही उरलं नव्हतं. मुख्यतः ओढ्याचं पाणी आणि एका सुतार पक्ष्याची टकटक. नंतर कित्येक वर्षं ते तिथे जात राहिले, पण पहिली पहाट त्यांना परत ऐकू आली नाही. त्यांच्याकडे 1988 ची फीत होती म्हणून हे सिद्ध करता आलं. आपल्याकडे सड्यावर वणवा लागतो, खाण निघते, राईतून रस्ता जातो, आणि म्हातारी माणसं म्हणतात, ‘पूर्वीसारखी पाखरं ऱ्हायली न्हाईत.’ खरं असतं ते. पण पूर्वी म्हणजे किती, कोणती, कुठे, हे दाखवायला आपल्या हातात कागदाचं चिटोरंही नसतं.

आता यंत्राविषयी. गेली दोन वर्षं मी एक छोटं ध्वनिमुद्रक यंत्र वापरते आहे, ऑडिओमॉथ नावाचं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी ते मुद्दाम स्वस्त आणि सोपं केलं. तळहातात मावतं. घड्याळात घालतो तसल्या तीन पेन्सिल सेलवर चालतं आणि मोबाइलमधल्यासारखं मेमरी कार्ड घेतं. झाडाला बांधायचं, वेळापत्रक लावून द्यायचं आणि निघून यायचं. दर दहा मिनिटांतलं एक मिनिट मुद्रित कर, असं मी त्याला सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे दिवसाची 144 मिनिटं. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (मोजमापं) घेतले तर एका मिनिटाची फाइल पावणेसहा एमबीच्या आसपास होते, दिवसाचे सुमारे 830 एमबी. 64 जीबीच्या कार्डात अडीच महिने मावतात. हे गणित मी सातवीच्या मुलांकडून फळ्यावर सोडवून घेतलं होतं. मुलांनी लगेच विचारलं, ‘बाई, मग वटवाघळाचं?’ बरोबर विचारलं. माणसाच्या कानाला साधारण 20,000 हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही आणि वटवाघळांचं बोलणं बहुतेक त्याच्या वरच चालतं. जेवढा उंच स्वर पकडायचा, त्याच्या दुपटीहून जास्त नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. हे यंत्र 3,84,000 पर्यंत जातं, त्यामुळे वटवाघळंही सापडतात. पण तसं केलं की कार्ड आठपट वेगाने भरतं.

माझ्या चुकाही सांगते, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही. पहिल्यांदा मी यंत्र ओढ्याकाठच्या जांभळीला बांधलं, कारण तिथे रोज पहाटे शीळकरी कस्तूर गातो. आठवड्याने कार्ड काढलं तर सात दिवसांचं फक्त पाणी. पाण्याच्या आवाजाने कस्तूरसुद्धा बुडवला होता. दुसऱ्यांदा प्लास्टिकची पिशवी सैल राहिली आणि पावसाचा प्रत्येक थेंब ताशासारखा वाजला. तिसऱ्यांदा दमट हवेने आतले संपर्क हिरवे पडले. आता पिशवी ताणून बांधते, आत ओल शोषणारी पुडी ठेवते आणि ओढ्यापासून चांगलं पन्नास पावलं लांब जाते. आपल्याकडचा पाऊस हा या कामातला सगळ्यात मोठा अडथळा आहे. पण बेडकांचा हंगामही तोच, त्यामुळे त्याला टाळूनही चालत नाही. कोयनेच्या नावाने ओळखला जाणारा भेक 1963 मध्ये इथूनच, याच तालुक्यातून शास्त्राला कळला. झुडपी बेडूक तर दिसायला एकमेकांसारखेच असतात. नराच्या हाकेवरून जाती वेगळ्या काढाव्या लागतात. जूनमध्ये बॅटरीच्या उजेडात चिखल तुडवत हिंडण्यापेक्षा झाडाला बांधलेला एक कान जास्त काही सांगतो.

ऐकायचं कुणी, हा पुढचा प्रश्न. सगळं कानाने ऐकायचं तर अडीच महिन्यांच्या मुद्रणाला माणसाचे साडेसात दिवस न झोपता द्यावे लागतील. म्हणून आवाजाचं चित्र काढतात. ऑडासिटी हे फुकट सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर चालतं. चित्रात डावीकडून उजवीकडे वेळ जाते आणि खालून वर स्वर चढतो. तांबट पक्षी म्हणजे एका ओळीत सारख्या अंतरावर मांडलेले ठिपके. पावशाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, हा जिना चढतोय आणि वरून पडतोय.’ यापेक्षा नेमकं वर्णन मला करता आलं नसतं. तेव्हापासून आमच्या शाळेत पावशाच्या खुणेला जिनाच म्हणतात. माझे कान आता उतरले आहेत. वय झालं की वरचे स्वर आधी जातात, आणि रातकिड्यांची बारीक किरकिर मला ऐकू येत नाही. पण चित्रात ती दिसते. मुलांना दोन्ही येतं, ऐकूही आणि पाहताही.

ओळखून देणारी यंत्रबुद्धीही आता आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने जर्मनीतल्या संशोधकांबरोबर बनवलेलं बर्डनेट हे त्यातलं एक. ते प्रत्येक तीन सेकंदांच्या तुकड्याला पक्ष्याचं नाव आणि खात्रीचा आकडा देतं. मी ते वापरते, पण त्यावर विसंबत नाही. गेल्या फाल्गुनात त्याने आमच्या राईत सर्पगरुड दाखवला, तोही पुन्हा पुन्हा आणि मोठ्या खात्रीने. मी हरखून गेले. मुद्रण घेऊन धनगरवाड्यावरच्या आबांकडे गेले. त्यांनी दोनदा ऐकलं आणि मान हलवली. ‘बाई, गरुड न्हवं त्यो. शेपटीला दोन दोऱ्या असत्यात त्यो कोतवाल. समद्यांचं आवाज काढतंय त्ये.’ भृंगराज! तो इतर पाखरांच्या, शिकारी पक्ष्यांच्याही नकला करतो, हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण कानाला ते ओळखता आलं ते आबांच्या. पुढचं मिनिट लावलं तर तोच पक्षी गरुड सोडून आपल्या बोलीवर आला होता.

म्हणून माझी ठाम विनंती आहे की या कामात आबांसारख्या माणसांचं नाव नोंदवहीत ‘जाणकार’ म्हणून यावं, अर्थात त्यांची संमती घेऊन, आणि त्यांच्या वेळेचा मोबदला स्थानिक जैवविविधता निधीतून मिळावा. यंत्राने सुचवलेलं नाव जाणकाराने ऐकल्याशिवाय वहीत चढवू नये. आणि नावं आपली लिहावीत. आबा तित्तिराला चितूर म्हणतात. तुमच्या वाडीत आणखी काही म्हणत असतील. शास्त्रीय नाव कंसात येऊ दे, पण ओळ आपल्या नावाने सुरू होऊ दे. आबा ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवाला मोटारसायकलच्या आवाजावरून कंपनी सांगता येते, पाखरू सांगता येत नाही. तो पोरगा हुशार आहे, त्याला कुणी बसवून ऐकवलंच नाही.

एका गोष्टीपासून सावध करते. आवाजावरून एकदम ‘निर्देशांक’ काढून देणारी सॉफ्टवेअरही मिळतात. एक आकडा आला की अहवाल लिहायला सोपं जातं, म्हणून वरून तसली मागणी होईल. मे महिन्यात झाडाझाडावर सिकाडा किर्रर्र करायला लागले की तो आकडा हलतो. पावसाने हलतो, वाऱ्याने हलतो. तेवढ्यावरून रान सुधारलं की बिघडलं, हे ठरवू नका. तसंच एकच तांबट दिवसभर टुकटुक करून हजार नोंदी देतो. त्यावरून हजार तांबट होत नाहीत. अमुक आवाज अमुक दिवशी इथे होता, एवढंच मुद्रण खात्रीने सांगतं. आणि एखादा आवाज आला नाही म्हणून तो जीव नाहीसा झाला, असंही लगेच म्हणता येत नाही. विणीच्या दिवसांपुरतेच बोलणारे पुष्कळ आहेत.

आणि जे बोलतच नाहीत, त्यांचं काय? आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरचा तो देखणा सरडा घ्या. नर गळ्याची निळी-काळी-केशरी झालर फुलवतो, रंगाने बोलतो, तोंडातून आवाज नाही. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात म्हणून नोंदवलं आणि त्याच्या प्रजातीचं (जीनसचं) नावच ‘सरडा’ ठेवलं. आपला मराठी शब्द जगाच्या शास्त्रात गेला, याचा मला केवढा आनंद झाला होता! त्याच पठारावरच्या पवनचक्क्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले, आणि जिथे आहेत तिथे शिकारी कमी झाल्याने हे सरडे वाढले. ही उलथापालथ नुसत्या ध्वनिमुद्रणाने कधीच कळली नसती. तिथे माणसांना उन्हात चालून मोजावं लागलं. म्हणून यादीची, फोटोची आणि पायपिटीची पानं नोंदवहीत राहू द्याच, त्यांच्या जोडीला आवाजाचं पान हवं.

काही पथ्यं मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी लागतील. यंत्राला माणूस आणि पाखरू यांतला फरक कळत नाही. माझ्या एका मुद्रणात सरपणाला आलेल्या दोघी जणी घरातलं दुःख बोलत होत्या. मी ते मिनिट पुसून टाकलं, पण त्याआधी ते माझ्या कानावर पडलं, आणि आठवडाभर मला अपराध्यासारखं वाटत राहिलं. म्हणून यंत्र कुठे आणि किती दिवस लावलं आहे, हे ग्रामसभेत सांगावं, तिथे ठळक मराठीत पाटी लावावी, पाणवठ्याची आणि सरपणाची वाट टाळावी, आणि माणसाचा आवाज आलेलं मिनिट जपून ठेवू नये. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही बांधू नये. धनेशाच्या ढोलीची किंवा घुबडाच्या जागेची नेमकी खूण उघड प्रतीत छापू नये, चोरटे शिकारीही वाचतात. आणि मुद्रित आवाज रानात वाजवून पाखरं जवळ बोलावू नयेत. विणीच्या काळात नर आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून घरटं सोडून धावत सुटतो. फोटोसाठी आलेले पर्यटक हे सर्रास करतात. समितीने त्यांना अडवावं.

आता नेमकं काय करायचं ते. प्रत्येक गावाने तीन जागा निवडाव्यात: एक राई, एक पाणथळ, एक शेताचा बांध. सड्यावरची गावं सडाही घेतील. वर्षातून तीन आठवडे पुरेत. पहिला मृगाचा, बेडकांसाठी आणि पावशासाठी. दुसरा डिसेंबरातला, तेव्हा थंडीचे पाहुणे आलेले असतात. तिसरा मार्चमधला, कारण त्या दिवसांत पहाट सगळ्यात बोलकी असते. दिवस तारखेने ठरवा, तिथीने नको, कारण अधिक मास आला की तिथी सरकते. मृग सूर्याच्या चालीने येतो, 7-8 जूनच्या आसपासच लागतो, तेव्हा तो चालेल. जागा तीच, झाड तेच, उंची तीच, वेळापत्रक तेच. दहा वर्षांनी तुलना करायची तर यातलं काहीही बदललेलं चालणार नाही. यंत्र नसेल तर यंत्रासाठी थांबू नका. पहाटे सहा वाजता फोन कठड्यावर ठेवून दहा मिनिटं मुद्रण केलं, आणि त्यावर गाव, जागा, तारीख, वेळ तोंडाने बोलून ठेवली, तरी ते नोंदवहीचं पहिलं पान होईल. प्रती तीन ठेवा: ग्रामपंचायतीत, शाळेत आणि तालुक्याला. बाहेरचा अभ्यासक आला तर त्याला जरूर द्या, पण मूळ कार्ड गावाबाहेर जाऊ देऊ नका.

मुलांना हे जमेल का, असं मला दोन सदस्यांनी विचारलं. पक्ष्याच्या गाण्याचं जगातलं सगळ्यात पहिलं ज्ञात मुद्रण 1889 मध्ये जर्मनीत झालं, मेणाच्या नळीवर. करणारा लुडविग कोख तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याने मुद्रित केला तो पिंजऱ्यातला शामा, आणि शामा आपल्या सह्याद्रीतही राहतो. आपल्या तालुक्यातल्या पोरांना तो पिंजऱ्याबाहेर ऐकता येतो.

माझं यंत्र येत्या 7 जूनला संध्याकाळी आमच्या राईतल्या हिरड्याला बांधणार आहे आणि 14 तारखेला सकाळी काढणार आहे. ज्या समित्यांना शिकून घ्यायचं आहे त्यांनी दोन माणसं आणि दोन विद्यार्थी पाठवावेत. बांधायला कुणी आलं तरी चालेल, पण काढायच्या दिवशी नक्की या, कारण त्या दिवशी शाळेच्या संगणकावर सगळे मिळून ऐकणार आहोत. आबांनी यायचं कबूल केलं आहे. आमच्या नोंदवहीतलं रोहिताचं पान दुरुस्त करायचा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. त्या पानावर पावशा घालायचा आहे, आणि पुराव्याला जोडायची फाइल त्या आठवड्यात मिळेल, अशी मला आशा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मोरणा खोरे, तालुका पाटण